मामांचा जपानी अंगठा

कोल्हापुरातल्या निम्म्या खांद्यांवर माझ्या बायकोच्या मामांचा अंगठा टेकून गेलेला आहे, आणि उरलेले निम्मे खांदे मामांना लांबून पाहून वेळेवर गल्ली बदलल्यामुळे वाचले, असं मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. इतर माणसं भेटली की नमस्कार करतात, ‘काय म्हणताय’ म्हणून विचारतात. मामांना हे सगळं उगाच लांबण लावल्यासारखं वाटे. ते सरळ समोरच्याच्या मान आणि खांदा यांमधल्या खळग्यात अंगठा ठेवत, डोळे मिटत आणि आत कुणीतरी बोलत असल्यासारखे स्तब्ध उभे राहत. समोरचा नात्यातला असो, शाहूपुरीतल्या एखाद्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक असो, की बसच्या रांगेत पुढे उभा असलेला परका माणूस असो. एकदा एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वरपक्षाकडच्या एका वजनदार गृहस्थांना मागून असं धरलं, की त्यांच्या हातातला लाडू निसटून शेजारच्याच्या पानात पडला. गृहस्थ संतापून वळले. मामा शांतपणे म्हणाले, “रागवू नगासा, पावणं. तुमच्या डाव्या अंगाला लई दिसांचं कायतरी साठलंय. कुणासंगं भांडण हाय काय?” गृहस्थ पुन्हा पानाकडे वळले. भांडण होतं, आणि ते सख्ख्या भावाशी होतं. लाडू त्याच्याच पानात पडला होता.

आता मामाही नाहीत. हे मी सावकाश लिहितो आहे; ‘आटपा आता’ म्हणणारं घरात कुणी उरलेलं नाही, त्यामुळे घाई करण्याचं कारणही उरलेलं नाही.

मामा उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत होते. दिवसभर वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं आणि भोवतीचा घणांचा, यंत्रांचा आवाज ऐकायचा. त्यामुळे त्यांचे कान तरुणपणीच मंद झाले होते, आणि ज्याला स्वतःला कमी ऐकू येतं तो जगालाही बहिरं समजतो. कोल्हापूर मुळात हळू बोलणारं गाव नाही. त्या गावातही मामांचा आवाज वेगळा ओळखू यायचा, यावरून काय ती कल्पना करावी. साठ सालानंतरच्या त्या वर्षांत ऑइल इंजिनांचा धंदा भरात होता. मालकांनी एक नवं मशिन घ्यायचं ठरवलं आणि ते चालवायला शिकावं म्हणून मामांना काही महिने जपानला पाठवलं. मामींनी बरोबर चटणीचा डबा दिला, मालकांनी कोट दिला. तिथे पहिल्याच थंडीत मामा जिन्यावरून घसरले आणि त्यांची कंबर धरली. ज्या घरात उतरले होते तिथल्या बाईंनी एका म्हाताऱ्याला बोलावून आणलं. म्हातारा आंधळा होता. काठी टेकत आला, चटईवर गुडघे टेकून बसला, आणि त्यानं मामांच्या कमरेवर अंगठा ठेवला.

“तेल न्हाय, काय न्हाय. कापडं अंगावर तशीच,” मामा सांगत. “मी म्हटलं, ह्यो काय करणार? आणि पावणं, त्यानं अंगठा ठेवला आणि मला आमची आई आठवली. तिला जाऊन लई वरसं झालीती. का आठवावी, सांगा की.”

हा प्रश्न ते मला पुष्कळदा विचारत. मी शाळेत मराठी शिकवणारा, पुस्तकांतला माणूस. मला उत्तर माहीत असेल असा त्यांचा समज होता.

कंबर बरी झाली तरी मामा दर सुट्टीला त्या म्हाताऱ्याकडे जात राहिले. त्याला मराठी येत नव्हतं आणि मामांना जपानी. तो मामांच्या हातावर दाबून दाखवायचा, आणि मामा तेवढ्याच वजनानं त्याच्या हातावर दाबून परत करायचे. चुकलं की म्हातारा मान हलवायचा. एवढीच शाळा. मामा परत आले ते मशिन शिकून आलेच, पण ती गोष्ट लवकरच सगळे विसरले. मामी मात्र मरेपर्यंत म्हणत, “मशिन शिकाय म्हणून धाडलं, तर माणूस अंग चेपाय शिकून आला! तिकडनं एक रेडिओ तरी आणायचा.”

या विद्येचे प्रकार आहेत, आणि ते मामांनी मला इतक्या वेळा समजावून सांगितले की आजही झोपेत विचारले तर सांगेन. सगळ्यांत जुना प्रकार आन्मा. त्यात चोळणं, मळणं, थोपटणं, सगळं आलं. मामा त्याला भाकरीचा प्रकार म्हणत. त्याच्या पोटातून निघालेला दुसरा म्हणजे शिआत्सु. त्यात चोळायचं नाही, मळायचं नाही; अंगठ्याचा मऊ भाग सरळ खाली टेकवायचा, थांबायचं आणि उचलायचा. हा शिक्क्याचा प्रकार. आणि तिसरे लोक असे, की ते म्हणतात शरीरात पाण्यासारखं काहीतरी वाहत असतं. ते आधी पोटावर हात ठेवून अंदाज घेतात, कुठे तुंबलं आहे आणि कुठे कोरडं पडलं आहे ते बघतात, आणि मग तिकडे वळतात. मामांचे आजोबा उसाचे शेतकरी. त्यामुळे हा प्रकार मामांना सगळ्यांत जवळचा. “ह्यो पाटाच्या पाण्याचा प्रकार. आधी रान बघायचं, बांध कुठं फुटलाय ते बघायचं, मग पाणी सोडायचं. उगंच सोडलं तर शेजाऱ्याच्या उसात जातंय.” कुणी कोपरानं दाबतात, कुणी गुडघ्यानं, कुणी पाठीवर उभं राहून पायानं. म्हाताऱ्याला हे सगळं यायचं, पण तो कशालाच नाव ठेवायचा नाही आणि कशाचंच नाव घ्यायचा नाही.

प्रकारांची नावं उतरलेल्या घरातल्या बाईंनी सांगितली होती; अंगावरच्या जागांची जपानी नावं मात्र माहीत नसल्यामुळे ती मामांनी स्वतःच दिली होती, आणि त्यासाठी त्यांनी सगळा कोल्हापूर जिल्हा कामाला लावला होता. खांदे म्हणजे पन्हाळा, कारण उंच आणि बहुतेक वेळा धुक्यात. तळहात म्हणजे शाहूपुरी. देणंघेणं सगळं तिथेच. पोट म्हणजे रंकाळा तलाव. आणि तळपाय म्हणजे गगनबावडा. “सगळा पाऊस तिथं पडतोय,” ते म्हणत. “माणसाची झोप तिथं साठलेली असती. वरनं कितीबी दाबा, गगनबावड्याला गेल्याबिगर खरी झोप न्हाय.” भर रस्त्यात ते मोठ्यानं विचारत, “काय मास्तर, पन्हाळा आज लई घट्ट दिसतोय?” आणि जाणारेयेणारे मला विचारत, सहल कधी निघणार म्हणून.

गावानं ही विद्या सहजासहजी मान्य केली नाही. जिथे तालमीतालमीतून अंग तेलानं रगडून घ्यायची पद्धत, तिथे कोरड्या अंगठ्याला कोण विचारणार? मामांच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद पहिल्या दिवशीच म्हणाले, “तेल कुठाय?” मामा म्हणाले, “लागत न्हाय.” वस्ताद म्हणाले, “तेल न्हाय, घाम न्हाय, माणूस वरडत न्हाय, मग ही मालिश कसली?” तरी मामांनी एका धिप्पाड पैलवानाला पालथं घातलं आणि त्याच्या पाठीवर शिक्के मारायला सुरुवात केली. पैलवान आधी गुदगुल्या होऊन खिदळला. “अवो मामा, मुंगी चढल्यागत वाटतंय!” मग तो थोडा गप्प झाला. मग फारच गप्प झाला. संध्याकाळच्या जोर-बैठकांना सगळे जमले तेव्हा तो तांबड्या मातीत गालाखाली हात घेऊन झोपला होता, आणि त्याला उठवायची कुणाची छाती होईना. वस्तादांनी मामांना हात जोडले. “मामा, कुस्ती झोपून निघत असती, तर आमी ही माती कशाला मळत बसलो असतो?”

तीच गत दूधकट्ट्यावर. आमच्याकडे संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन चौकात येतात आणि समोर धार काढून फेसाळता पेला हातात देतात. एकदा एक म्हैस काही केल्या पान्हवेना. गिऱ्हाइकं ताटकळलेली. मामा पुढे झाले, म्हशीच्या खांद्यामागे कुठेतरी अंगठा रोवला आणि डोळे मिटले. म्हशीनेही मिटले. आम्हाला वाटलं, आता दूध येणार. म्हैस हळूहळू पुढच्या गुडघ्यांवर आली, मग मागून खाली बसली, आणि रवंथ करत जगाकडे अशा नजरेनं पाहू लागली, की तिला दूध मागायची आम्हालाच लाज वाटली. गवळी कपाळावर हात मारून ओरडला, “मामा, म्हस पान्हवायला सांगितलीती, निजवायला न्हाय! उठवा की आता!” उठवण्याची जागा मामांना ठाऊक नव्हती. म्हाताऱ्यानं ती शिकवली नव्हती.

पण मामांचं खरं दुःख निराळंच होतं. त्यांच्या मते सगळ्या विद्येचं मर्म तळपायात, आणि नेमका तळपायच त्यांना मिळत नसे. आपल्याकडे मोठ्यानं लहानाच्या पायाला हात लावायचा नाही. लावला, तर पाप लहानाला. माझ्या शाळेतले तरुण चित्रकलेचे मास्तर एकदा झोप लागत नाही म्हणून त्यांच्याकडे गेले. मामांनी घोटा धरला मात्र, मास्तर ताडकन उठले, “अहो मामा, पाप लागेल मला!” म्हणून मामांच्या पाया पडले. मामांच्या तोंडून सवयीनं “औक्षवंत व्हा” निघालं, आणि त्यांनी पुन्हा घोटा धरला. मास्तर पुन्हा उठले, पुन्हा वाकले. असं बराच वेळ चाललं. अखेर दोघे दमून चहाला बसले. त्या व्यायामानं मास्तरांना झोप मात्र छान लागली म्हणे. वयानं मोठी माणसं पाय खुशाल पुढे करत. पण त्यांना मुळातच बसल्या जागी डुलकी यायची, त्यात विद्येचा कस कुठला? जपानहून आणलेल्या त्या ज्ञानाचा सगळ्यांत खोल भाग मामांच्या अंगठ्यात तसाच न वापरता राहिला होता.

आणि मग कुंदा आजारी पडली. कुंदा म्हणजे माझी बायको, मामांची एकुलती भाची. आम्हाला मूलबाळ नव्हतं, मामांनाही नव्हतं. त्यामुळे तिच्यावर सगळ्यांचा हक्क होता. दुखणं लांबलं, आणि पुढे पुढे डॉक्टर आमच्याशी फार हळू बोलू लागले. दुखण्यापेक्षाही तिला छळलं ते जागरणानं. गोळीनं गुंगी यायची, पण ती झोप नव्हे. “डोळ्यांवर कुणी फडकं टाकल्यासारखं वाटतं,” ती म्हणायची. “आत मी जागीच असते.” तिला दुसरं काही नको होतं. एकदा, घरच्यासारखी, पोटभर झोप हवी होती.

मामा रोज दुपारी येऊ लागले. त्या दुपारी आठवल्या की अजून मला सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसतं: खिडकीच्या पडद्यातून आलेला पिवळट उजेड, भिंतीवर हलणारी त्याची जाळी, पडवीत वाळत घातलेल्या कपड्यांचा वास, आणि कुंदाच्या खांद्याशी वाकलेले मामा. कुंदा डोळे मिटून पडून राही. श्वासही संथ घेई. बऱ्याच वेळानं मामा चोरपावलांनी, म्हणजे आम्हाला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येईल एवढ्याच आवाजात, बाहेर पडत आणि माझ्याकडे पाहून समाधानानं मान हलवत. फाटक वाजलं की कुंदा डोळे उघडायची. “गेले का?” ती विचारी. “गेले.” “बरं वाटलं ना त्यांना?”

मामांना हे कळत नसेल असं मला वाटत होतं. पण एक दिवस ते खांद्यावरचा हात काढून म्हणाले, “कुंदे, पन्हाळ्यावर बसून काय हुईत न्हाय. मला गगनबावड्याला जाऊ दे.”

कुंदा उठून बसली आणि पाय पदराखाली ओढून घेतले. “नाही मामा. तुम्ही मला हाताला धरून बोहल्यावर आणलंत. तुमच्या हाताला पाय लावू मी? आता जायच्या वेळी हे आणखी एक गाठोडं नको मला.”

“कोण जातंय? कुठं?” मामा ओरडले. ऐकू न आल्यामुळे की आल्यामुळे, ते सांगता येणार नाही.

पुढे दोन-तीन दिवस ते आलेच नाहीत. आले ते दारातूनच बोट माझ्याकडे रोखून. “हे दाबतील. मी सांगतो, हे दाबतील.”

“इश्श!” कुंदा म्हणाली. इतक्या दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला. “नवऱ्याकडून पाय चेपून घेतले असं कुणाला कळलं, तर मला गल्लीत तोंड दाखवता येईल का? आणि पाप नाही ते?”

मामा खाटेशेजारी बसले. ते शांतपणे बोलत होते, म्हणजे फक्त शेजारच्या घरापर्यंत ऐकू जात असावं. “लगनात सात पावलं चालताना ह्यांनी तुझ्या पायाचा अंगठा हातात धरून तांदळावर ठिवलावता का न्हाय? म्या मागंच हुबा हुतो की. भटजीनं सांगितलं, अग्नीनं बघितलं. तवा पाप लागलं न्हाय, ते आता कसं लागंल?”

“ते सात पावलांपुरतं होतं, मामा.”

“कोण म्हणतंय? संपलं म्हणून तुला कुणी सांगितलंय?”

कुंदानं पदराखालचा एक पाय हळूच बाहेर सरकवला.

मग आमची बसण्याची जी रचना झाली ती जपानातही कुणी पाहिली नसेल. खाटेच्या पायथ्याशी मी, कुंदाचं पाऊल माझ्या मांडीवर. माझ्या शेजारी जमिनीवर मामा, पण भाचीच्या पायाकडे पाहायचं नाही म्हणून तोंड भिंतीकडे, दिनदर्शिकेसमोर. माझा डावा हात त्यांच्या हातात. ते माझ्या तळहातावर अंगठा टेकवत, आणि जेवढं वजन माझ्या डाव्या हातावर येई, तेवढंच मी उजव्या अंगठ्यानं कुंदाच्या तळव्यावर ठेवायचं. आधी मी फार घाबरत होतो. “पावणं, पुस्तकाचं पान न्हाय ते,” मामा भिंतीला सांगत. “चाळू नगा. टेका. टेका आणि ऱ्हावा तिथंच. तिचं अंग वर येऊंद्यात.” कुंदा हसली. “मामा, यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी व्यवहाराचं शिकवतंय.” मामांना ते ऐकू गेलं नाही, पण ती हसली हे माझ्या हातातून त्यांना कळलं असावं, त्यांचा अंगठा क्षणभर हलला.

हळूहळू माझा हात माझा राहिला नाही. डावीकडून काहीतरी येत होतं आणि उजवीकडून जात होतं, आणि मधे मी पाटासारखा नुसता होतो. किती वेळ गेला कोण जाणे. भिंतीवरची उजेडाची जाळी खिडकीपासून दारापर्यंत सरकली. कुंदाचं पाऊल आधी गार होतं, मग कोमट झालं, मग एकदम जड झालं, मूल कडेवर झोपलं की जड होतं तसं. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि नंतर मामांकडे. मामा दिनदर्शिकेकडे तोंड करून बसल्या बसल्या झोपले होते. अंगठा मात्र माझ्या हातावर तसाच होता.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही तसे बसत होतो. थंडी सरता सरता कुंदा गेली.

कुंदाचे दिवस होईपर्यंत मामा रोज येऊन आमच्या पायरीवर बसत. त्यांनी कुणाच्याही खांद्याला हात लावला नाही. भेटायला येणारी माणसं सवयीनं मान आवळून घेत आत शिरायची, आणि मामा नुसतेच बसलेले पाहून त्यांनाच चुकल्यासारखं व्हायचं. एक पैलवान तर त्यांच्यापुढे थोडा वेळ वाकून उभा राहिला. मामांनी वर पाहिलं नाही.

मग एका संध्याकाळी ते मला रंकाळ्यावर घेऊन गेले. काठावर बसलो. पाण्यावर उजेड विझत चालला होता. मामा बोलले ते त्यांच्या मानानं इतकं हळू, की मी आधी ओळखलंच नाही त्यांचा आवाज म्हणून.

“पावणं, एक खरं सांगा. माझं मन राखू नगा. ती खांदं दाबताना डोळं मिटून पडायची, माझ्यासाठी. मला कळत हुतं. पायाचं कसं? तवा मी भिंतीकडं तोंड करून. मला दिसलं न्हाय, ऐकू तर येत न्हाय. खरंच झोपायची, का तेबी माझ्यासाठीच?”

मी त्यांच्या कानाशी गेलो. “मामा, घोरायची.”

“आँ?”

“घोरायची! कुंदा घोरायची!” माझ्या आवाजानं काठावर भेळ खाणारी दोन-चार माणसं वळली.

मामा माझ्याकडे बघत राहिले. कुंदाला घोरण्याची भारी लाज. लग्नानंतर एकदाच मी तिला ते चेष्टेनं बोललो, तर तिनं ती गोष्ट सपशेल नाकारली होती आणि आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होता. कुणाचं मन राखायला तिनं काय वाटेल ते केलं असतं, घोरण्याचं सोंग मात्र केलं नसतं. हे मामांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी तिला लहानाची मोठी होताना पाहिलं होतं.

“घोरायची?” त्यांनी पुन्हा विचारलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी हसण्यानं. मी तिथेच, त्यांच्या मानेशी, अंगठा टेकवला आणि थांबलो. पाणी काळं झालं तेव्हा आम्ही उठलो. मामा त्यांच्या गल्लीकडे वळले, मी माझ्या.

वाटेत माझ्या मनात आलं, चारचौघांत, इतक्या मोठ्यानं ओरडून सांगितलं आपण. हे कुंदाला कळलं तर काही खरं नाही. काय सांगून तिची समजूत काढावी, हा विचार करत मी रमतगमत चालत राहिलो. दाराचं कुलूप हातात येईपर्यंत ती माझ्यावर रागावलेली होती.